कीस न्हवं, कीश

आमच्या रंभीच्या हातचं जेवला न्हाई असा माणूस इनामगावात शोधून दाखवा, नाव बदलून ठेवीन माझं. कांदा काढायला आलेल्या बाया, बोअरच्या गाडीवरची तामिळी पोरं, पांढरीचं टेकाड बघायला येणारी पुण्याची मास्तर मंडळी, सगळ्यांनी तिच्या घरात भाकरी मोडली हाय. त्या टेकाडात म्हणं तीन हजार वर्षांमागच्या चुली सापडल्या. मास्तर लोक तिथं माती बघत्यात आन् भूक लागली की रंभीच्या चुलीपाशी येत्यात. गावात लग्न असलं आन् पुरण शिजलं का न्हाई ठरवायचं असलं, तरी तिलाच बोलावणं. आन् असल्या बाईच्या हातचा घास एकच माणूस खात नव्हतं. ते म्हंजी तिची सख्खी नात.

मी मुक्ताबाई. रंभी माझी धाकटी जाऊ, तिचा नवरा पोपटराव माझा दीर. दोन चुली, पण अंगण एकच. रंभी दौंडची, बाप रेल्वेत गँगमन. लग्न करून आली तवा तिला बाजरीची भाकरी थापता येत नव्हती. रेल्वेच्या क्वार्टरात चपातीवर वाढलेली! मी शिकवली. आता लोक मला इसरले आन् तिला बोलावत्यात. असू द्या. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणायचं आन् गप बसायचं.

तिचा एकुलता एक लेक महेंद्र रांजणगावच्या कंपनीत हाय. राहायला वाघोलीत. बायको गौतमी, घरी बसून कॉम्प्युटरचं काम करती. शहाणी पोरगी. बोलती कमी, बघती जास्त. आन् त्यांची लेक वैष्णवी.

झालं असं की दोन वर्षांमागं ती मंडळी गावी आली व्हती. गौतमीनं आल्या आल्या सांगितलं, "आई, वैष्णवीला शेंगदाणे देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलंय, तिला त्रास होतो." रंभीनं लगेच शेंगदाण्याचा डबा उचलून माळ्यावर टाकला. वर खुटीवरची गुडदाणीची पिशवी सुद्धा माझ्याकडं दिली. आन् दुपारी पोरीला मटकीची आमटी-भात कालवून भरवला.

आता आमच्याकडच्या आमटीत काय असतंय ते सांगायला पाहिजे का? दाण्याचा कूट! त्याच्याबिगर कालवणाला अंग येत न्हाई. पण कूट म्हंजी कूट. मीठ म्हंजी मीठ. कुटाला शेंगदाणा कोण म्हणतंय? आमच्या शंभर पिढ्यांत कुणी म्हटलं नसंल.

चार घास गेले न्हाईत तोवर पोरीचे ओठ टमाट्यावानी सुजले. अंगावर गांधी उठल्या. मग श्वासाचा आवाज यायला लागला, शिट्टी वाजल्यासारखा. महेंद्रनं गाडी काढली आन् शिरूरचा दवाखाना गाठेपर्यंत पोरगी निळी पडत चालली व्हती. वाचली. देवाची कृपा. डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं?" रंभी म्हणली, "शेंगदाणा न्हाई दिला साहेब, देवाशप्पथ." डॉक्टरनं विचारलं, "कूट?" तवा तिनं डोक्याला हात लावला आन् तिथंच फरशीवर बसली.

गौतमी एक अक्षर बोलली न्हाई. वरडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मिटतंय. हिचं आपलं वेगळंच. त्यानंतर सणाला यायची, पाया पडायची, पण पोरीचा डबा पुण्याहून, पाणी पुण्याहून, चमचा सुद्धा पुण्याचा. पोरगी आईच्या मांडीवरनं खाली उतरायची न्हाई. रंभी सगळ्यांना वाढायची आन् त्या एका ताटापाशी आली की हात मागं घ्यायची. मला ते बघवायचं न्हाई. मी एकदा भांडायला निघाले व्हते, रंभीनंच पदर धरून मागं ओढली. म्हणली, "आक्का, तिच्या जागी मी असते तर मी उंबऱ्यात पाय ठेवला नसता. ती येती तरी."

औंदा वैष्णवीचा वाढदिवस रविवारी आला. आधल्या आठवड्यात पोरीनं बापाच्या फोनवरनं आजीला फोन लावला. "आजी, मी वाढदिवसाला तुझ्याकडे येणार. मला भाज्यांचा कीश पाहिजे."

रंभीनं ऐकलं कीस. ऐकणारच की! बटाट्याचा कीस, रताळ्याचा कीस, उपासाला आमच्यात दुसरं काय असतंय? आन् कीस म्हटला की कूट आलाच. ती माझ्याकडं आली तीच तोंड पांढरंफटक करून. "आक्का, पोरगी कीस मागती. कुटाबिगर कसा करू?"

मी म्हणले, "दुधी घाल, गाजर घाल, होतंय ते होऊ दे."

तिनं समदं किसलं आन् जिरं-मिरचीवर परतलं. पाणी सुटून त्याचा नुसता लगदा झाला. पोपटभावजींनी एक घास घेतला आन् काही न बोलता म्हशीकडं बघितलं. म्हंजी हे तिला घाला.

मग रंभीनं धीर केला आन् सुनेला आपणहून फोन लावला. "गौतमी, अगं कुटाबिगर कीस काही जमून येईना."  तिकडनं गौतमी हसली. फोन स्पीकरवर व्हता, मी माझ्या कानांनी ऐकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली बया.

"आई, कीस नाही, कीश. शहामृगातला श. फ्रेंच लोकांचा पदार्थ आहे. मैद्याची पारी करायची, त्यात अंडी, क्रीम, चीज, भाज्या घालायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायचं. बाहेरचं काही तिला चालत नाही, म्हणून मी घरी करते. तिला फार आवडतो."

रंभी फोनजवळ सरकली. "मी करू?"

तिकडनं कॉम्प्युटरची टकटक येत व्हती, ती थांबली. 

"करा," ती म्हणली. "पण मी आल्यावर. माझ्यासमोर."

फोन ठेवल्यावर मी उखडले. "समोर म्हंजी काय? तू काय चोर हायेस?" रंभी म्हणली, "समोर तर समोर. पण करा म्हणली की गं, आक्का!" आन् रडायलाच लागली.

तिथनं पुढं त्या घरात जे काय चाललं, विचारू नका. शेंगदाणा नावाची वस्तू हद्दपार. आमच्या शेतातल्या शेंगांचं लाकडी घाण्यावरनं काढून आणलेलं तेल, अख्खा डबा, माझ्याकडं पाठवला. मला काय, फुकटचं तेल. कूट काढायचं मिक्सरचं भांडं गेलं, नवीन आलं. खलबत्ता गेला. फळ्या सोड्यानं धुतल्या. म्हशीला शेंगपेंड घालत व्हते, ती बंद करून सरकी पेंड आणली. भावजी म्हणले, "म्हशीला बी पथ्य?" गौतमीनं सांगितलं व्हतं की डॉक्टर म्हणत्यात त्यानं काही होत न्हाई, पण ही ऐकती व्हय? "व्हत नसंल तर नसंल. माझ्या जिवाला बरं वाटतंय," म्हणली. मी उंबऱ्यात गेले तर मला साबण हातात! माझ्याच जावेच्या घरात मला साबण! मी तरातरा परत आले. मग वाईट वाटलं आन् जाऊन हात धुतले.

सामानाची जुळवाजुळव फोनवरनं. गौतमी एकेक सांगायची आन् रंभी तिला आपल्या घरातलं नाव द्यायची. मैद्याच्या जागी घरचे गहू, पीठ वस्त्रगाळ करून. बटरच्या जागी लोणी. क्रीमच्या जागी साय, आंबट न झालेली. चीजच्या पाकिटावर बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतंय म्हणून गौतमी नको म्हणली, तर हिनं दुधात लिंबू पिळून पनीर पाडलं, मिठात मुरवलं आन् दगडाखाली दाबलं. "मशरूम," म्हणली गौतमी. रंभी म्हणली, "भूछत्र? ते उकिरड्यावर उगवतंय बाई, ते मी न्हाई घालायची." त्याजागी कांद्याची पात. पालक दारातला, अंडी घरच्या कोंबडीची. गौतमी फोनवर म्हणली, "आई, तुमचा माझ्यापेक्षा चांगला होईल." रंभी दिवसभर ते वाक्य चघळत व्हती.

अडलं ते ओव्हनपाशी. कुकरमध्ये मीठ घालून करून बघितलं, खाली कोळसा आन् वर कच्चं. तवा मला न्हावऱ्याची बेकरी सुचली. नबीलालभाईंची. आता पोरगा अनिस चालवतो. दिवाळीच्या तोंडावर आम्ही पीठ-तूप-साखर घेऊन तिथंच जातो आन् नानकटाई भाजून आणतो. आपलं सामान, त्यांची भट्टी. रंभीनं अनिसला फोन केला. खोदून खोदून विचारलं. "तुझ्याकडं शेंगदाणा वापरत्यात का रं?"

"न्हाई काकू. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई. शेंगदाण्याचं कामच न्हाई."

"कूट?"

"कुटाचं काय काम बेकरीत?"

"बघ बाबा. पोरीच्या जिवाशी खेळ हाय."

"काकू, माझ्या लेकीसारखीच, आयेशासारखीच ती. काळजी करू नका."

रविवारी सकाळी मंडळी आली. गौतमीनं स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकलं आन् बसली. मांडीवर तिची ती काळी पर्स. तिच्यात पोरीला त्रास झालाच तर टोचायच्या इंजेक्शनची डबी असती, ती पर्स ती न्हाणीत जाताना बी सोडत न्हाई. रंभीनं एकेक वस्तू तिच्यापुढं धरायची, तिनं बघायची, वास घ्यायचा, मान हलवायची. मला तर शाळा तपासायला साहेब आल्यासारखं वाटलं.  ज्या बाईनं पाचशे माणसांचं पुरण एकटीनं घाटलंय, ती लोणी मळताना दर चिमटीला सुनेकडं बघत व्हती! पण पीठ झकास झालं. अंडी फेटली, साय फेटली, पालक चिरून पिळला, पात, पनीर, मिरं. मिश्रण डब्यात, पिठाचा गोळा दुसऱ्या डब्यात, दोन्ही घट्ट.

भट्टीवर रंभी स्वतः जाणार व्हती. पदर खोचून गाडीपाशी गेली बी. पण वैष्णवीनं मागनं येऊन तिचा पदर धरला. "आजी, तू नको जाऊ ना. मला कोंबडीची पिल्लं दाखव." पोरगी मांडीवरनं उतरून आपणहून आली व्हती. रंभीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, "ऱ्हा तू. मी जाते भावजींच्या गाडीवर. मला काय भट्टी नवीन हाय?"

"आक्का, डोळ्यात तेल घालून बघा हं."

"बघते गं बाई."

न्हावऱ्याला पोचलो. अनिस वाटच बघत व्हता. आमची स्टीलची ताटली बघून म्हणला, "ह्याच्यात कड भाजणार न्हाई, केकचा डबा देतो." डबा माझ्यादेखत साबणानं धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला. मग आतनं घरातनं एक छोटी किटली घेऊन आला आन् डब्याला आतनं ब्रश फिरवला, अगदी मायेनं, कोपरा न् कोपरा. पीठ लाटून बसवलं, कडेला बोटानं चुण्या घातल्या, मिश्रण ओतलं, भट्टीत सारलं. कीश बाहेर आला तवा काय रंग! सोनं! पैसे घेईना. "पोरीचा वाढदिवस हाय, मावशी." मी तो गरम डबा मांडीवर धरून गाडीवर बसले आन् अख्खा रस्ता मला त्याचा वास येत व्हता. लई खमंग.

घरी आलो तर बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरलेली, फुगे लावलेले. गौतमी नवऱ्याबरोबर ताटं मांडत व्हती. रंभीनं डबा स्वयंपाकघरात ताटात उपडा केला, सुलटा केला आन् नुसती बघतच राहिली. वैष्णवी तिच्या पाठीमागं नाचत व्हती. "कीश, कीश!" रंभीनं सुरी घेतली.

माझ्या तोंडाला कुलूप म्हणून नसतंय. मी म्हणले, "नुसतं लोण्याचं पीठ न्हाई गं हे, पोरानं किती जीव लावला! घरातनं वेगळं तेल आणून डब्याला हात फिरवला."

रंभीची सुरी तिथंच थांबली.

"कसलं तेल?"

"तेल. गोडं तेल. तेल काय कसलं असतंय?"

"आक्का. कसलं तेल?"

मी वाकून ताटाजवळ नाक नेलं. आन् तवा मला तो वास कळला. रस्ताभर जो खमंग खमंग म्हणत आले, तो आमच्याच घाण्याच्या तेलाचा वास. जन्मभर तो वास नाकात, म्हणून तो वेगळा आलाच न्हाई मला.

रंभीनं फोन लावला. लागेना. परत लावला. तिसऱ्यांदा अनिसनं उचलला.

"अनिस, डब्याला तेल कंचं लावलंस?"

"काकू, एकदम शुद्ध!" त्याचा आवाज खुशीत. "रोज आम्ही पामतेल लावतो. पण तुमची नात खाणार, लहान जीव, ते पामतेल कशाला? अब्बांच्या जेवणाचं घाण्याचं शेंगतेल हाय घरात, ते आणलं."

बेकरीचं नेहमीचं तेल लावलं असतं तर काही झालं नसतं. चांगलं म्हणून लावलं, तेच भोवलं. रंभीनं फोन खाली ठेवला. 

आन् त्या नादात आमचं दोघींचं लक्ष सुटलं. ताटातला कडेचा एक पापुद्रा मोडून पडला व्हता. वैष्णवीनं तो उचलला आन् हात तोंडाकडं नेला. रंभीनं अशी फाडकन तिच्या हातावर मारली की पापुद्रा पार चुलीखाली उडाला. पोरीनं भोकाड पसरलं. आजीनं मारलं! उभ्या जन्मात तिनं कुणा पोराला बोट लावलेलं न्हाई.

गौतमी पळत आली. "काय झालं? का मारलं तिला?"

मी बघितलं रंभीकडं. तिच्या तोंडावर रगत नव्हतं. मला दिसत व्हतं की आता ही खरं बोलली की संपलं. परत ही पोरगी ह्या घरात यायची न्हाई. दोन वर्षं जाळून एक दिवस मिळवला व्हता, तो बी चालला. आन् नातीच्या जिवाला तर आता धोका न्हाई, मग कशाला? म्हणून मीच पुढं झाले.

"काही न्हाई गं. मांजरानं तोंड घातलं ताटात. पोरगी उष्टं खायला लागली म्हणून मारली. टाकून देतो आता हे."

गौतमीनं माझ्याकडं बघितलं. मग ताटाकडं. पटलं असतं तिला. मांजर दारातच बसलं व्हतं, त्याला काय, ते साक्ष थोडीच देणार व्हतं.

"न्हाई," रंभी म्हणली. "आक्का खोटं बोलती. मांजर ताटापाशी आलंच न्हाई. डब्याला शेंगतेल लावलंय. मी अनिसला शेंगदाणा विचारला, कूट विचारला, तेल विचारलं न्हाई. मागं कुटाचं झालं, आता तेलाचं. पोरीच्या बोटाला लागलंय, तोंडात गेलं न्हाई. पण तू बघून घे."

 महेंद्र दारातनं वरडला, "आई! तुला किती वेळा सांगायचं? एवढं सगळं करून परत तेच?"  

गौतमीनं पोरीला उचललं. नळाखाली हात धुतले, साबणानं, दोनदा. तोंड उघडून बघितलं, जीभ बघितली, ओठ उलटे करून बघितले. अंगातला फ्रॉक काढून कोपऱ्यात टाकला. मग खाली बसली, पोरगी मांडीवर, डबी उघडून शेजारी.  भावजी अंगणात गाडीची किल्ली हातात धरून उभे. पोरीच्या हुंदक्यांचा आवाज तेवढा. प्रत्येक हुंदक्याला माझा जीव खाली-वर. हा रडण्याचा आवाज का ती शिट्टी? मी येमाईला नवस बोलले, कवठ्याला येऊन ओटी भरीन म्हणले. रंभी भिंतीला टेकून उभी, डोळे पोरीच्या ओठांवर. मला वाटलं, ओठ सुजले तर ही बाई उभ्या उभ्या मरल.

सुजले न्हाईत. गांधी उठल्या न्हाईत. किती वेळ गेला कुणाला ठाऊक. शेवटी पोरगी रडून रडून दमली आन् म्हणली, "मला भूक लागली."

गौतमीनं वर बघितलं. आधी माझ्याकडं. "मोठ्या आई, तुम्ही खोटं का बोललात?"

 जमीन दुभंगली असती तर आत गेले असते. रंभीच म्हणली, "तू परत पोरगी आणायची न्हाईस, म्हणून."

"मग तुम्ही का सांगितलंत? मी हिला परत आणावं असं तुम्हाला नको होतं का?"

"नको कसं असंल?" रंभी म्हणली. "रातंदिस तेच तर मागते. पण समज तिचा श्वास कोंडला असता, दवाखान्यात न्यायची पाळी आली असती, तर डॉक्टरला काय सांगितलं असतं? मांजर?"

गौतमीनं डबी मिटली. मग उठली. पर्स उचलली, फ्रॉक गुंडाळून पिशवीत घातला. महेंद्र म्हणला, "चल, निघू." रंभीनं नजर खाली घातली. थांब म्हणली न्हाई ती. मला हात धरून थांबवावंसं वाटत व्हतं, पण खोटं बोलून बसलेल्या तोंडानं काय बोलायचं?

गौतमी रंभीपुढं येऊन उभी राहिली. ती डबी तिच्या हातात दिली.

"हे असं उघडायचं. ही बाटली, ही सुई. इथपर्यंत भरायचं. मांडीला बाहेरच्या बाजूनं टोचायचं, कपड्यावरनं दिलं तरी चालतं. घाबरायचं नाही, आधी टोचायचं, मग गाडी काढायची." तिनं दोनदा करून दाखवलं. रंभीकडनं करवून घेतलं. "लक्षात राहील?"

"ऱ्हाईल."

"मिठाच्या डब्याशेजारी ठेवा. हाताशी हवी." मग तिनं स्वयंपाकघरात नजर फिरवली. "काय उरलंय?"

रंभीला आधी कळलंच न्हाई. मग म्हणली, "दोन अंडी हायेत. साय हाय थोडी. पालक. लोणी संपलं गं. वस्त्रगाळ पीठ बी संपलं."

"बेसन?"

"हाय. घरच्या हरभऱ्याचं, जात्यावर दळलेलं."

"मग पारी राहू दे. बेसनात कालवा आणि तव्यावर लावा, वर झाकण ठेवून. होतं तसंही." ती पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवून वळली. "मी जरा बाहेर बसते. डोकं ठणकतंय."

महेंद्र म्हणला, "अगं, पण इथं बघायला..."

"आई आहेत ना," ती म्हणली आन् गेली.

अंगणात भावजींनी बाज टाकली व्हती. गौतमी तिच्यावर जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून. केस सोडले, मान मागं टाकली, डोळे मिटले. पर्स खोलीतच राहिली व्हती.

रंभी हातात अंडं धरून उभी. दाराकडं बघत. "आक्का," ती हळूच म्हणली, "ती बाहेर गेली."

"बघितलं मी."

"वळून बी बघत न्हाई गं."

"अगं मग कर की, उभी काय राहिलीस!" मी खेकसले, कारण माझंच नाक वाहायला लागलं व्हतं. तिच्या डोळ्यातनं पाणी चाललेलं, पुसायला हात मोकळा न्हाई. वैष्णवीनं ओट्याला लोंबकळून वर बघितलं.

"आजी, लवकर कर ना."

"करते माझ्या सोन्या," रंभी म्हणली, आन् तिनं अंडं फोडलं.